उष्ण देशातील बर्फाचा माग : विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड

चंद्रपूरचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. या चंद्रपूरपासून, म्हणजे जुन्या चांद्यापासून, थोड्या अंतरावर पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात या गावाजवळ चुनखडकाचा एक सपाट पृष्ठभाग भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला. त्यावर एकाच दिशेने गेलेले, एकमेकांना समांतर असे खोल ओरखडे होते. कोणी पोलादी पटाशीने ओढावेत तसे. त्या खडकावर मातीचा व लहानमोठ्या धोंड्यांचा मिसळलेला थर होता आणि त्यातील काही धोंड्यांवरही तसेच ओरखडे होते.

वाहते पाणी खडक गुळगुळीत करते. ते समांतर रेघा ओढीत नाही. वारा खडक झिजवितो, पण अशी कोरीव नक्षी वाऱ्याला साधत नाही. तो खडक कोरणारे हत्यार एकच असू शकत होते, आणि ते म्हणजे बर्फ. भारताच्या उष्ण भागातही कोणे एके काळी बर्फाचे काम चालले होते असे या शोधाच्या बरीच वर्षे अगोदर लिहून ठेवणाऱ्या तीन तरुणांमध्ये विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड हे एक होते. त्यांच्या आयुष्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडन येथे झाला. चार भावांत ते सर्वांत थोरले. शिक्षण काही काळ ब्रायटन येथे व काही काळ पॅरिस येथे झाले. मुलाने व्यापारात पडावे असे घरच्यांच्या मनात असावे. कारण शिक्षण आटोपताच इटलीतील चिवितावेक्किया या बंदरातील एका व्यापारी पेढीवर त्यांनी दोन वर्षे काढली. १८५१ साली ते परतले तेव्हा धाकटे बंधू हेन्री हे लंडनमध्ये नव्यानेच निघालेल्या खाणविद्येच्या सरकारी विद्यालयात दाखल झाले होते. धाकट्याच्या मागोमाग थोरलाही तेथे गेला. हिशेबाच्या वह्या कायमच्या मिटल्या आणि दगडांचा अभ्यास सुरू झाला. पुढे जर्मनीतील फ्रायबर्गच्या प्रसिद्ध खाणविद्यालयात एक वर्ष घालवून, १८५४ साल संपता संपता दोघा भावांनी भारताच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात नोकऱ्या मिळविल्या. १८५५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस ते कलकत्त्यास उतरले. थोरला तेव्हा तेवीस वर्षांचाही झालेला नव्हता.

हे खाते त्या वेळी अगदी बाल्यावस्थेत होते. आयर्लंडचे थॉमस ओल्डहॅम १८५१ साली कलकत्त्यास आले आणि त्यांनी मूठभर माणसांनिशी कामाला आरंभ केला. सरकारला हवा होता कोळसा. आगबोटी कोळशावर चालत होत्या, रेल्वेचे रूळ हावड्याहून राणीगंजपर्यंत पोचले होते, आणि इंजिनांची भूक दिवसेंदिवस वाढणार हे उघड होते. भूशास्त्राच्या ज्ञानासाठी कंपनी सरकारने तिजोरी उघडली असे कोणी समजू नये. परंतु कोळसा शोधावयाचा तर कोळशाच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हेही पाहावे लागते. त्या खालच्या भागातच ही सारी कथा दडलेली होती.

कलकत्ता ही दगडांच्या अभ्यासाला तशी विचित्र जागा. शहर वसले आहे ते गंगेने आणलेल्या गाळावर. १८३५ ते १८४० या काळात फोर्ट विल्यमच्या आवारात एक छिद्र जमिनीत पाडण्यात आले. ४८१ फूट खोल जाऊनही पायाचा खडक लागला नाही. अशा शहरात बसून ओल्डहॅम आपल्या माणसांना हिवाळा लागताच चोहोकडे पाठवीत, आणि पावसाळ्यापूर्वी ती माणसे नमुन्यांच्या पेट्या, नकाशे व वह्या घेऊन परत येत. पावसाळा लिहिण्यासाठी, हिवाळा चालण्यासाठी, असा या खात्याचा क्रम होता.

ब्लॅनफर्ड बंधूंना पहिल्याच हिवाळ्यात ओरिसातील तालचेर संस्थानात पाठविण्यात आले. त्यांच्याबरोबर विल्यम थिओबाल्ड हे तिसरे सहकारी होते. तालचेर ब्राह्मणी नदीच्या खोऱ्यात, कटकच्या वर, जंगलात वसलेले. रेल्वे त्या बाजूला अनेक वर्षे जावयाची नव्हती. तंबू, बैल, हमाल, वाटाडे असा लवाजमा बरोबर. त्या हमालांची व वाटाड्यांची नावे अहवालात नाहीत, आणि याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. नदीकाठी कोणत्या नाल्यात वेगळा दगड दिसतो हे साहेबाला दाखविणारे पहिले बोट बहुधा त्यांचेच असेल.

कोळशाच्या थरांखाली, अगदी तळाशी, या तिघांना एक चमत्कारिक थर आढळला. हिरवट, अत्यंत बारीक, पिठासारखा गाळ दगड बनून गेलेला. आणि त्यात ठिकठिकाणी ग्रॅनाइट व पट्टिताश्म या कठीण खडकांचे गोटे व धोंडे रुतलेले. काही धोंडे कित्येक फूट व्यासाचे. खालच्या टोकाला मोठे, वर लहान, अशी काहीही क्रमवारी नाही. बारीक आणि अवजड एकाच जागी.

यात नवल ते काय, असे एखाद्याला वाटेल. पण आपल्याकडील कोणतीही नदी आठवून पाहावी. कृष्णा काय, गोदावरी काय, डोंगरातून उतरताना ती मोठाले धोंडे लोटते. सपाटीला येताच धोंडे टाकते, गोटे पुढे नेते. आणखी पुढे वाळू, आणि मुखाजवळ केवळ गाळ. पाण्याचा वेग जसजसा कमी होतो तसतसे पाणी आपले ओझे वजनानुसार निवडून खाली ठेवते. जो प्रवाह टनभर वजनाचा धोंडा हलवू शकतो तो त्याच जागी पिठासारखा गाळ बसू देणार नाही, वाहून नेईल. आणि जेथे असा गाळ शांतपणे बसतो तेथपर्यंत धोंडा आणण्याचे बळ त्या पाण्यात नसते. मग हे दोघे एकत्र आले कसे? तालचेरच्या नाल्यांतून हिंडणाऱ्या त्या तिघा तरुणांपुढे हा प्रश्न होता.

युरोपात या प्रश्नाला उत्तर सापडून अवघी पंधरा-सोळा वर्षे झाली होती, आणि ते उत्तर तेथेही सुखासुखी मान्य झालेले नव्हते. इंग्लंड, जर्मनी व स्वित्झर्लंडच्या मैदानांत असेच परके धोंडे पडलेले आहेत. ज्या खडकांचे ते बनलेले आहेत ते खडक शेकडो मैल दूर. नोहाच्या काळच्या जलप्रलयाने ते वाहून आणले, हे उत्तर अनेक वर्षे विद्वानांनाही पुरेसे वाटत होते. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड हे दीक्षित पाळक असून भूशास्त्राचेही अध्यापक होते. १८२३ साली त्यांनी जलप्रलयाचे पुरावे म्हणून गुहांतील हाडे व असे गाळ यांवर मोठा ग्रंथ लिहिला. उलट आल्प्समधील रानशेळ्यांचा एक शिकारी, पेरोदँ नावाचा, आपल्या खोऱ्यातील ओरखडलेले खडक पाहून, येथे पूर्वी हिमनदी होती, असे कितीतरी आधीपासून सांगत होता. स्वित्झर्लंडमधील एका पाळकाचे चिरंजीव लुई आगासिझ यांनी हा विचार उचलला आणि १८४० साली हिमनद्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांनी बकलंड यांच्यासमवेत स्कॉटलंडचा दौरा केला. डोंगरांच्या कुशीत तेच ओरखडे आणि त्याच राशी पाहून बकलंड यांनी आपले पूर्वीचे मत सोडले व बर्फाचा पक्ष स्वीकारला. पवित्र शास्त्रावरील त्यांची श्रद्धा त्यामुळे डळमळली नाही; पुढे ते वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे डीन झाले. आपले छापून गेलेले मत पुराव्यासमोर मागे घेणारा हा धर्मगुरू मला तरी आगासिझ यांच्याहून मोठा वाटतो.

बर्फ दगड कसे वाहतो व कसे टाकतो, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. उंच पर्वतावर वर्षानुवर्षे पडणारे हिम आपल्याच भाराने दाबले जाऊन घट्ट बर्फ बनते. पुरेशी जाडी झाली की हा बर्फ स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागतो. गती फारच मंद. पण बळ अफाट. सरकताना तो तळाच्या खडकाच्या भेगांत गोठतो, खडकाचे तुकडे उपटून काढतो आणि त्यांना आपल्या पोटात धरून पुढे नेतो. बाजूच्या कड्यांवरून कोसळणारे दगड त्याच्या पाठीवर पडतात, तेही तो नेतो. तळाशी रुतलेले दगड कानशीच्या दातांसारखे खालच्या खडकावर घासतात. खालच्या खडकावर ओरखडे उठतात. दगडांच्याही एका अंगाला सपाटी येऊन त्यांवर रेघा पडतात. घासून निघालेली पूड इतकी बारीक असते की हिमनदीतून बाहेर पडणारे पाणी दुधासारखे पांढुरके दिसते. गोमुखापाशी भागीरथीचे पाणी ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे ठाऊक आहे.

हा बर्फ जेथे वितळतो तेथे तो आपले ओझे टाकतो. पाण्याप्रमाणे निवड करण्याचे त्याला कारणच नाही, कारण बर्फाला धोंडा आणि धूळ सारखीच. जे पोटात होते ते जसेच्या तसे खाली येते : पीठ, वाळू, खडे, घरांएवढे धोंडे, सारे एकत्र. हिमनदीच्या दोन्ही कडांना अशा राशींचे लांबच लांब बांध तयार होतात. दोन हिमनद्या मिळाल्या तर मध्यभागी एक. आणि जेथे तिचे तोंड बराच काळ स्थिर राहते तेथे अर्धचंद्राकार आडवा बांध. या राशींना आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत हिमोढ म्हणतात. बर्फ मागे हटला तरी बांध राहतो, आणि हिमनदी कोठपर्यंत आली होती याची खूण त्यावरून मिळते. काही दगड सरकत्या बर्फाच्या तळाशी चिखलात दाबून बसविले जातात. वितळलेले पाणी पुढे वाळू व गोटे पसरविते, आणि मग तेथे निवड पुन्हा सुरू होते. हिमनदी सरोवरात किंवा समुद्रात शिरली तर तिचे तुकडे तरंगत दूर जातात, आणि वितळता वितळता एकेक दगड तळच्या शांत गाळात सोडून देतात. बारीक थरांच्या मऊ गाळात मधेच एक एकटा धोंडा रुतलेला, आणि त्याच्याखालचे थर दबलेले, अशी दृश्ये अशा ठिकाणी दिसतात. तालचेरच्या खडकांत ती आहेत.

हे सारे ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांना ज्ञात होते. तथापि त्यांचे पाय उभे होते ते कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या, सालवृक्षांच्या जंगलात. आल्प्समध्ये, अगदी स्कॉटलंडमध्येही, पूर्वी बर्फ अधिक पसरला होता असे म्हणणे निराळे. ओरिसात बर्फ होता असे म्हणणे निराळे. शिवाय त्यांना तेथे ओरखडे सापडले नव्हते. धोंडे होते, गाळ होता, हत्याराची खूण मात्र नव्हती.

१८५६ च्या आपल्या अहवालात त्यांनी जे लिहिले त्यात तारुण्याचे धाडस आणि त्याला घातलेला लगाम हे दोन्ही दिसतात. बर्फावाचून या थराचा उलगडा होत नाही, हे त्यांनी सांगितले. परंतु हिमनदीचे नाव घेतले नाही. अतिशीत देशांत नदीच्या तळाशी व काठाशी जो बर्फ धरतो, तो तळचे दगड आपल्यात गोठवून घेतो, हलका असल्याने वर येतो व प्रवाहाबरोबर तरंगत जाऊन दगड इतरत्र टाकतो. अशा तळबर्फाचे हे काम असावे, इतकेच त्यांनी सुचविले. समोर असलेल्या पुराव्याने जेवढे बोलावयास मुभा दिली तेवढेच ते बोलले. या थराला पुढे तालचीर हेच नाव पडले, आणि ते आजतागायत जगभर चालते.

अनेकांना ही कल्पना पटली नाही. कलकत्त्याच्या उकाड्यात बसून ओरिसातील बर्फाची गोष्ट वाचणाऱ्यांना ती थट्टेची वाटली असल्यास त्यांना फारसा दोषही देता येणार नाही. ब्लॅनफर्ड यांनी वाद घातला नाही. ते पुढच्या कामाला लागले.

पुढची पंधरा-वीस वर्षे म्हणजे अखंड पायपीट. राणीगंजच्या कोळशाची पाहणी, १८६० च्या सुमारास ब्रह्मदेश, आणि १८६२ पासून मुंबई इलाखा. आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध येथे आला. तापी व नर्मदेची खोरी, खानदेश, सह्याद्रीचा काळा पाषाण यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. दख्खनचा हा काळा खडक ज्वालामुखींतून थरावर थर असा ओतला गेला आणि दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात त्यावर गोड्या पाण्याची तळी साचली, त्यांत शंखशिंपले वाढले, हे त्यांनी बारकाईने मांडले. चांद्याच्या आसपासच्या कोळशाच्या थरांवरही त्यांनी टिपण लिहिले. १८६७-६८ साली ते नेपियर यांच्या फौजेबरोबर अबिसिनियात गेले. युद्ध सैनिकांनी केले, ब्लॅनफर्ड यांनी खडक व प्राणी गोळा केले. १८७० साली सिक्कीमच्या उत्तर सरहद्दीपर्यंत आणि १८७२ साली सीमा-आयोगाबरोबर मकरान किनाऱ्यावरून इराणात, असा हा प्रवास चालू राहिला. शिंपले आणि पक्षी यांचा नाद त्यांना पहिल्यापासून होता. बलुचिस्तानातील एका लहान डोंगरी कोल्ह्याचे वर्णन शास्त्रात प्रथम त्यांनीच केले. त्याला आज ब्लॅनफर्डचा कोल्हा म्हणतात.

दरम्यान चांद्याचा प्रश्न पिकत होता. त्या प्रदेशाच्या खडकांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते एका मिशनऱ्याने, हे आपल्या वाचकांना आवडेल. नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून तेथे शिक्षण व सुवार्तेचे काम करीत होते, आणि सवड मिळेल तेव्हा सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर, कामठी व दक्षिणेकडील प्रदेशांतील खडकांत पानांचे व प्राण्यांचे अवशेष शोधीत होते. त्यांचा नागपूरच्या भूशास्त्रावरील निबंध १८५५ साली लंडनमध्ये छापला गेला. जिभेच्या आकाराच्या ज्या पानांचे ठसे त्यांनी जमविले, तशीच पाने ऑस्ट्रेलियातील कोळशातही मिळत होती. हे खडक किती जुने, यावर हिस्लॉप व कलकत्त्याचे शास्त्रज्ञ यांच्यात मतभेद होता. तो वाद मिटण्यापूर्वीच, सप्टेंबर १८६३ मध्ये, टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने भरलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडून मरण पावले. इरईचे ओरखडे त्यांच्या कार्यक्षेत्रापासून फार दूर नव्हते; ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ते ओरखडे खात्यातील फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या टिपणात जगापुढे मांडले. तालचीर थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला व ओरखडलेला, आणि थरातील धोंडेही तसेच. तालचेरला जी खूण मिळाली नव्हती ती पैनगंगेकाठी मिळाली. मौज अशी की, फेडन यांनीही मथळ्यात हिमनदी न म्हणता तळबर्फच म्हटले. वीस वर्षांपूर्वीचा तो जपून वापरलेला शब्द आता शास्त्राला अडवू लागला होता. तरंगता बर्फ धोंडे टाकू शकतो, पण खालचा अखंड खडक एकाच दिशेने असा कोरून काढण्यास लागणारे वजन त्याच्यात कोठून येणार?

या सुमारास ब्लॅनफर्ड कलकत्त्यात अधिक काळ राहू लागले होते. १८७४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. १८७८-७९ मध्ये ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष होते. सहकारी मेडलिकॉट यांच्यासमवेत त्यांनी भारताच्या भूशास्त्राचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला तो १८७९ साली बाहेर पडला. खात्याच्या पाव शतकाहून अधिक काळच्या श्रमांचे सार त्यात होते. आसेतुहिमाचल भारताच्या खडकांचे एकसंध चित्र प्रथमच एका ठिकाणी दिसले.

धाकटे बंधू हेन्री यांनी मात्र दगडांचा रस्ता सोडला होता. १८६२ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. ऑक्टोबर १८६४ च्या भयंकर चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त झाले, आणि सरकारला हवामानाच्या नोंदींची निकड भासली. ते काम हेन्री यांच्याकडे आले. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले तेव्हा ते त्याचे पहिले प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी भारत व आफ्रिका यांना जोडणाऱ्या एका लुप्त भूखंडाचा विचारही मांडला होता. १८८४ साली त्यांनी दाखविले की हिमालयात बर्फ अधिक पडला तर पुढचा पावसाळा क्षीण होण्याचा संभव असतो. त्यावरून मान्सूनचे अंदाज वर्तविले जाऊ लागले. एका भावाला बर्फाने गाडलेल्या धोंड्यांनी गुंतवून ठेवले, दुसऱ्याला डोंगरावर पडणाऱ्या बर्फाने.

१८८२ साली ब्लॅनफर्ड प्रकृती ढासळल्याने सेवानिवृत्त होऊन लंडनला परतले. दुसऱ्या वर्षी, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी इडा बेलहाउस यांच्याशी विवाह केला; त्यांना दोन मुलगे व एक मुलगी झाली. त्याच १८८३ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेचे वोलॅस्टन पदक त्यांना मिळाले. पण तालचेरचा प्रश्न मनातून गेला नव्हता.

आता पुरावे चहूकडून येऊ लागले. दक्षिण आफ्रिकेत तशाच गाळात तसेच धोंडे, ऑस्ट्रेलियात तसेच. थॉमस ओल्डहॅम यांचे चिरंजीव रिचर्ड यांनी ऑस्ट्रेलियात जाऊन तेथील थर प्रत्यक्ष पाहिले. पंजाबातील मिठाच्या डोंगरांत, जो भाग आज पाकिस्तानात आहे, ओरखडलेल्या व पैलू पडलेल्या गोट्यांचा थर होता. त्याच्यालगत समुद्री जीवांचे असे अवशेष मिळाले की ज्यांवरून या थरांचे फार जुने वय ठरविता आले. १८८६ साली ब्लॅनफर्ड यांनी हे सारे धागे एका निबंधात गुंफले आणि पुराजीव कालाच्या उत्तरार्धात भारत, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांवर एकाच सुमारास खरे हिमयुग येऊन गेले, असे निःसंदिग्धपणे लिहिले. तालचेरच्या पहिल्या हिवाळ्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

या तीस वर्षांत त्यांनी घाई केली असती तर काय बिघडले असते, असा प्रश्न विचारता येईल. माझ्या मते बिघडले असते. १८५६ सालीच हिमनदीचे नाव घेतले असते तर ते नाव हास्यास्पद ठरून बहुधा बाजूला पडले असते, आणि इरईचा खडक पाहणाऱ्याने तो आधीच पूर्वग्रहाने पाहिला असता. मात्र ब्लॅनफर्ड यांना एक गोष्ट शेवटपर्यंत सुटली नाही : हे बर्फ या उष्ण देशांत आले कसे? १८९० साली भूशास्त्रीय संस्थेचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना महासागर कायमचे जागच्या जागी असतात या मताला त्यांनी विरोध केला, आणि भारत व आफ्रिका पूर्वी जमिनीने जोडलेले होते असे प्रतिपादिले. त्यांच्या कल्पनेतील ही जमीन बुडालेली होती. खरे उत्तर निराळे निघाले. बर्फ भारताकडे आले नव्हते. भारतच बर्फापाशी होता. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड अंटार्क्टिका, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांना चिकटून दक्षिण ध्रुवाच्या परिसरात होता. जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ पासून भूखंड सरकतात हा सिद्धान्त मांडला तेव्हा त्यांच्या भक्कम पुराव्यांत हे तालचीरचे धोंडे होते. ब्लॅनफर्ड त्या वेळी हयात नव्हते, आणि त्यानंतरही वेगेनर यांचे म्हणणे सर्वमान्य होण्यास अर्धशतक लागले.

बर्फ हटला, थंड दलदलीत जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे वाढली, ती गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. म्हणून दामोदर खोऱ्यात, तालचेरला आणि चंद्रपूरला क्रम तोच : खाली हिमनदीने टाकलेला राडारोडा, वर कोळसा. तालचेर व चंद्रपूर ही दोन्ही आज मोठ्या खाणींची ठिकाणे आहेत, आणि दोन्हीकडचा उन्हाळा तितकाच कडक आहे.

निवृत्तीनंतरची वीस वर्षे ब्लॅनफर्ड यांनी आणखी एका प्रचंड कामास दिली. भारतातील प्राण्यांच्या वर्णनाची ग्रंथमाला सरकारने त्यांच्या संपादनाखाली सुरू केली. सस्तन प्राण्यांचा ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला. पक्ष्यांचे शेवटचे दोन खंडही त्यांचेच. भारतातील पक्षी पाहणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ते हाताळले. १९०१ साली रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल पदक दिले. हेन्री तोवर हयात नव्हते. ते १८९३ सालीच निवर्तले होते.

२३ जून १९०५ रोजी लंडनमध्ये, बेडफर्ड गार्डन्स येथील आपल्या घरी, ब्लॅनफर्ड यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांच्यापुढे शंखशिंपल्यांच्या खंडाचे काम होते. तो अर्धवट राहिलेला खंड हेन्री गॉडविन-ऑस्टेन यांनी पूर्ण करून १९०८ साली प्रसिद्ध केला. हे गॉडविन-ऑस्टेन म्हणजे १८६१ साली काराकोरममधील बाल्तोरो हिमनदीचे सर्वेक्षण करणारे अधिकारी. के-टू शिखराच्या पायथ्याशी असलेल्या हिमनदीला त्यांचेच नाव आहे.